हेल्मवारेच्या टिलरेड राजाची मर्सिया-मोहीम

३ सप्टेंबर
मर्सियाचा राजा फौज घेऊन निघालाय म्हणे. येऊ दे. शेजारची राज्यं त्याने गिळली, पण तिथले राजे म्हणजे मुकुट घातलेले गुराखी. हेल्मवारेत मी आहे. भोवती दलदल आहे. वाट ठाऊक नसलेला माणूस कमरेपर्यंत रुततो. मर्सियाचा राजा नावाच्या जागी फुली मारतो. मला लिहिता येतं. अशा अडाण्याला काय भ्यायचं?

४ सप्टेंबर
उद्यापासून पहाटे तलवारीचा सराव. मिल्डवेन म्हणाली, अहो, निरोप पाठवून तह करा, माणसं तरी वाचतील. राणी झाली तरी डोकं डुकरांत आणि बार्लीत.

५ सप्टेंबर
धुकं. सराव उद्या.

८ सप्टेंबर
सैन्य बोलावलं. डुड्डा एकटाच आला. वडिलांच्या वेळचा सरदार, म्हणून त्याचं ऐकून घेतो. म्हणाला, महाराज, सगळे कापणीत आहेत. शिवाय विचारतायत, राजा बदलला तर आपलं काय बदलणार? कृतघ्न मेले. डुड्डा म्हणाला, मी लढतो, पण गुडघ्याचं सांगता येत नाही.
सराव राहिला.

१२ सप्टेंबर
फौज दलदलीच्या कडेला येऊन थबकली. वाट सापडत नाहीये. बघा, मी म्हणालो होतो. उद्या मी स्वतः टेहळणीला जाणार, वाम मासे पकडणाऱ्या कोळ्याच्या वेषात. चेहऱ्यावरचं राजतेज लपणं कठीण. चिखल फासावा लागेल.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ
त्यांच्या लाल दाढीच्या सेनापतीने मलाच हटकलं. काय मामा, म्हणाला, तुमचा राजा कसा आहे? मी म्हणालो, शूर, विद्वान. तो हसला. म्हणाला, आम्ही तर ऐकलं, राणी राज्य बघते आणि तो कोपऱ्यात खरडत बसतो. मी संयम राखला. मग म्हणाला, तुम्हा चिखलातल्या बेडकांना तरी कुठे वाट ठाऊक असणार.
हे मात्र सहन झालं नाही. पुढे होऊन एकेक वळण दाखवलं. त्यांचा एकही घोडा रुतला नाही. सेनापती थक्क झाला. असा वाटाड्या जन्मात पाहिला नाही, म्हणाला.
बाहेर पडलो ते थेट माझ्या वाड्याच्या मागे. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

१४ सप्टेंबर
मिल्डवेनने त्यांना जेवू घातलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. याचं श्रेय कुणाचं ते इतिहास ठरवेल. मर्सियाच्या वतीने कारभार तीच बघणार. डुड्डा नव्या धन्यापुढे वाकला. गुडघा छान वाकला.
माझं काय, असं मी विचारलं. सेनापती म्हणाला, हा वाटाड्या अजून इथेच? मिल्डवेन म्हणाली, हे माझे यजमान. यांच्यापासून कुणाला धोका नाही. मठात पाठवा, लिहीत बसतील.
थोडक्यात, मी राज्याचा त्याग केला.

२ नोव्हेंबर, मठ
मिल्डवेन येणार असा निरोप आला. माझ्यावाचून कारभार अडला असणार. परत जाण्याच्या अटी ठरवल्या. दाढी केली.
ती आली. लोकरीची चादर आणली होती. म्हणाली, थंडी वाढतेय, जेवत जा. मी अटी सांगू लागलो. ती म्हणाली, बरं, आणि उठली.
निघताना तिने मठाधिपतींना विचारलं, यांचा काही त्रास नाही ना?
ते म्हणाले, कुणाचा?