रिकाम्या बंगल्यांची वीज

मंगळ. ११ फेब्रु.
दुपारी घरी २६८ व्होल्ट, हवेत २३०. सुमनचं ऑक्सिजनचं मशीन परत बंद पडलं. स्टॅबिलायझर मागच्या आठवड्यातच जळाला. सिलिंडर लावला, तो पुरणार किती? मळवलीतले बंगले शनिवार-रविवार सोडून कुलपात, छपरावरचं सोलर मात्र रोज चालू. वापरायला कुणी नाही, सगळी वीज लाइनीवर चढते आणि व्होल्टेज वाढतं. लाइनीच्या टोकाला आमचं घर. एवढी वर्षं वायरमन आहे आणि बायकोला श्वासापुरती धड वीज देता येत नाही.

बुध. १२
साहेबांना विचारून विहारासमोरच्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, टॅप उतरवला, म्हणजे सगळ्याच लाइनीचं व्होल्टेज खाली येतं. दुपारी २५०, मशीन चाललं. संध्याकाळी ऊन गेलं, सोलर थांबलं, १७५. मशीन बंद, वाडीतले पंप बंद. शेजारचे आबा आले. "तुज्या घरातलं बघ, पर आमच्या घरात अंधार नगं करू." हळू बोलले, म्हणून जास्त लागलं.

गुरु. १३
टॅप परत होता तिथं नेला. त्यासाठी डीपी बंद ठेवावी लागते, तेवढा वेळ परत सिलिंडर.

सोम. १७
शरीफभाई तीन बंगले सांभाळतात. त्यांना म्हटलं, दुपारी एसी, गिझर लावून ठेवा, वीज तिथंच जिरू दे. लावले. रिकाम्या खोल्या गार, न्हाणीत पाणी उकळतंय, आणि घरी २४४! सुमन पोटभर जेवली. बरं वाटलं, लाजही वाटली.

गुरु. २०
बंगल्याच्या मालकाला मुंबईत बसून मोबाइलवर सगळं दिसतं. शरीफभाईंना झापलं. "वैनींचं सांगितलं मी. म्हनले, मग त्यांना दवाखान्यात ठेवा." शरीफभाई मान खाली घालून बसले होते. चहा दिला. राग कुणावर काढायचा तेच कळेना. साहेब म्हणतात, जाड केबल टाकली की व्होल्टेज एवढं चढणार नाही, प्रस्ताव मंजुरीला पाठवलाय. मागच्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं.

सोम. २४
दुपारी २७१. सुमनचे ओठ निळसर. सिलिंडर.
आमच्याच लाइनीवर आणखी एका बंगल्याचं सोलर मंजूर. मीटर बसवायचा कागद माझ्या नावाचा. नाही म्हणता येत नाही. तिला सांगणार नव्हतो, तिनं खिशातून काढून वाचला. जरा दम घेऊन म्हणाली, "सकाळीच जाऊन या. दुपारच्याला तुमी हितं पायजे."
पक्कड, टेस्टर पिशवीत भरून ठेवलं.