मावशींचं ताट

माण, रविवार, ११ जानेवारी

आज एअर फ्रायरमध्ये डुकराचं मटण केलं. घरमालकीण मावशी माळकरी, म्हणून सकाळीच त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. खोली सोडायला सांगतील ही धास्ती होतीच. त्या एवढंच म्हणाल्या, "कर, पण दार लावून कर."

तासाभराने बघते तर मांस वातड! इतकी वैतागले. तेवढ्यात नाकाला पदर लावून मावशी खिडकीशी हजर. "मऊ झालं का गं?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग झाकून शिजव की. उघडं वाळतंय ते."

थोडं पाणी घालून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं, आणखी दीड तास ठेवलं. तेवढ्या वेळात मावशी दोनदा येऊन विचारून गेल्या, मऊ झालं का. स्वतः खायचं नाही, तर एवढी काळजी कशाला?

शेवटी काट्याने ओढताच धागे सुटले. सांगायला दार उघडलं, तर मावशी स्टीलच्या ताटात दोन गरम भाकरी घेऊन उभ्या. "ताट परत आणू नको. आता आमच्यात चालायचं न्हाई ते."

लागलंच जरा मनाला. मग ताटाच्या कडेला कोरलेलं त्यांचं नाव दिसलं. लग्नातलं ताट. भाकरी कागदात गुंडाळूनही देता आल्या असत्या की.