टॉवेलच्या ऑर्डरीचा नकाशा

१० नोव्हेंबर, सोमवार
मालकांच्या मुलीनं, राजनंदिनीताईंनी, केबिनमध्ये बोलावलं. टॉवेलची ऑर्डर आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंतचं काम चित्रात मांडायचं. मग त्या चित्राबरहुकूम कॉम्प्युटरच एकेकाला काम सांगणार. पुढच्या सोमवारी परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस बघायला येतोय. चित्र चाललं तर मी प्रोसेस इनचार्ज. नाहीतर पॅकिंगच्या यशपालला सांगू, असंही त्या हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं स्टोअर मीच सांभाळलंय. सिद्धेश्वराला हात जोडले. दोन दिवसांत होईल.

११ नोव्हेंबर
ताईंनी खुणा शिकवल्या. बारीक रेघेचा गोल म्हणजे सुरुवात. चौकट म्हणजे काम. शंकरपाळी म्हणजे प्रश्न, तिथून हो आणि नाही अशा वाटा फुटतात. प्रत्येक खात्याला आडवा पट्टा. जाड रेघेचा गोल म्हणजे शेवट. सोपं आहे. गावच्या शाळेत माझी चित्रकला बरी होती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
चित्र झालं. स्टोअरचा पट्टा सगळ्यात रुंद. सगळ्या शंकरपाळ्या त्यातच. यशपाल म्हणाला, अण्णा, सुतळी संपली तरी तुमालाच विचारायचं व्हय? म्हटलं, व्हय. याला शिस्त म्हणतात.
अडलं जाड गोलापाशी. हात धजेना. आपण दुकानसुद्धा बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. चालत्या कारखान्याचा शेवट मी काढू? बाण वळवून पुन्हा पहिल्या गोलाला जोडला. मन शांत झालं.

१५ नोव्हेंबर
यशपाल म्हणतो, शेवट राहिलाय की. म्हटलं, तुझा डोळा खुर्चीवर आहे. ताई पुण्यात. फोनवर विचारलं, काका, सगळं तपासलं ना? हो म्हणालो.

१७ नोव्हेंबर, सोमवार. दुपार
पाहुणा आला. ताईंनी तयार कापडातून टॉवेल शिवायची छोटी ऑर्डर टाकली. माझा फोन वाजू लागला. कापड मंजूर? दोरा मंजूर? खोकं मंजूर? मी मंजूर म्हणेपर्यंत सगळे हात बांधून माझ्याकडे बघत उभे. बरं वाटलं.
माल गाडीत चढला. तोच तीच ऑर्डर पुन्हा शिवणीच्या स्क्रीनवर. मीनाबाई मशीनवरून ओरडली, अवो, हे आत्ताच शिवलं की! पुन्हा माझा फोन. कापड मंजूर?
पाहुण्यानं घड्याळ बघितलं. ताईंनी विचारलं, काका, ही ऑर्डर संपते कुठं? मी म्हटलं, आपल्याकडं संपतच नाही, ताई. अभिमानानं म्हटलं. यशपालनं उभ्या उभ्या कॉम्प्युटरवर जाड गोल काढला. मशीन थांबलं.

१८ नोव्हेंबर
पाहुण्यानं ऑर्डर दिली. म्हणजे नकाशा पसंत पडला.
नवा नकाशा भिंतीवर लागलाय. पट्टे तीन: विक्री, शिवण, पॅकिंग. स्टोअर दिसेना. इनचार्ज यशपाल खाली बघत म्हणाला, अण्णा, तुमचं काम पॅकिंगमध्ये घेतलंय. टेबलपण तिकडंच हलवलंय.
जागा हवेशीर आहे. पोरगं या खुर्चीवर नवं आहे, जवळ कुणी जाणतं माणूस असावं म्हणूनच ताईंनी मला तिथं बसवलं असणार. तसं त्याला सांगणार होतो, तेवढ्यात त्यानं माझ्या हातात चिकटपट्टीचं रीळ दिलं.