ताक्सिनच्या नाळेचं कापड

३ ऑगस्ट १९४१
थवीनची निवड झाली! आपल्या थाई आरमाराची दोन लढाऊ जहाजं इटलीत बांधताहेत – ताक्सिन आणि नरेसुअन. त्यातलं ताक्सिन आणायला हा जाणार. वर्षअखेरीस निघायचं, मग तीन वर्षं तिकडेच. सगळं सत्ताहीप गाव त्याच्या मागे. दोराला गाठ मारायला मीच शिकवलं त्याला! खानावळीतली लम्याई मला भात वाढत होती. भांडं खाली ठेवून त्याला बघायला धावली. माझं ताट तसंच.

५ ऑगस्ट
मीही खलाशीच. म्हणजे सध्या, चुआनकाकांच्या मचव्यावर. त्याआधी खानावळीत, त्याआधी एक पावसाळा मठात – तिथली मांजरं काय गुबगुबीत होती! असो. काका म्हणाले, "तू महिनाभर टिकलास तर मी मिशी उतरवीन."

१९ ऑगस्ट
लम्याई तीनरंगी कापड शिवतेय, ताक्सिनच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधायला. नाळेत देवी असते, तिला कापड बांधल्याशिवाय कुठली नाव पाण्यात उतरते? इटलीवाल्यांना हे कोण सांगणार? म्हणून थवीन सोबत नेणार. मी म्हटलं, लोखंडात देवी राहील का. वर न बघताच म्हणाली, "तुमच्या गळक्या मचव्यात राहते ना?"
टाके केवढे बारीक. माझा सदरा कधीचा फाटलाय.

२ सप्टेंबर
उचललं. दोरीवर वाळत होतं. आमच्या मचव्याच्या नाळेला बांधून टाकलं, जुन्या कापडांच्या खाली. आता जा म्हणावं इटलीला!

४ सप्टेंबर
जाळं भरून बांगडे. काका खूश, मिशी मात्र आहे तशीच. लम्याईला वाटतं कापड वाऱ्यानं नेलं. धड जेवत नाही. कापडासाठी? की –

१५ डिसेंबर
बंदरात जपानी सैनिक. पण गावात चर्चा वेगळीच – लढाई पेटलीय म्हणून दोन्ही जहाजं इटलीनंच ठेवून घेतली. अर्धवट, तशीच. आता कुणीच जाणार नाही! हसू आवरेना, तोंड धुवायचं निमित्त केलं.
थवीन धक्क्यावर एकटाच. गणवेश कडक इस्त्रीचा. वाईट वाटल्यासारखं करून शेजारी बसलो. थोडं खरंच वाटलं.

२० डिसेंबर
लम्याई गुणगुणत होती. म्हणाली, "बरं झालं बाई, जहाज राहिलं ते. तीन वर्षं कोण वाट बघत बसणार होतं?"
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२८ डिसेंबर
थवीन-लम्याईचं लग्न पुढच्या महिन्यात. नवऱ्या मुलाची वरात पाण्यातून, आमच्याच मचव्यातून. काका म्हणाले, "नाळेवरची मळकी कापडं उतरव. देवीलाही लग्नाला यायचंय."
एकेक सोडत गेलो. सगळ्यात खालचं राहू दिलं.