फेसातली बाजू

प्रिय ठमाबाई,

रागात असलीस तरी पत्र फाडू नकोस, कागद चांगला आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

काल तुझ्या बाबांच्या सलूनचं शटर उघडलं. खुर्चीत बसले आणि गोल गोल फिरले. या वयात शोभत नाही, पण बघायला होतं कोण? आरशातली म्हातारी, तीही हसत होती. साबणाचा वास अजून आहे गं. बाबाच तेवढे नाहीत.

आठवतं, इथे वाद कसे चालायचे? तोंडाला फेस लावलेल्याला बोलता येत नाही, म्हणून बाबांनी नियमच केला: त्याची बाजू आधी समोरच्यानं मांडायची. नीट मांडली तर फेसवाला बोट वर करणार, मगच समोरच्यानं आपलं घोडं दामटायचं. दाढीला येणारे शाळेतले मास्तर म्हणाले, मोठमोठे विचारवंत असाच वाद घालायचे. बाबा म्हणाले, मग त्यांची दाढी कोण करायचं?

हळूहळू ते खूळ गल्लीभर पसरलं. समोरच्या जावाजावा आधी एकमेकींची बाजू मांडायच्या आणि मांडता मांडता भांडणच विसरायच्या. शिंपीकाका मुलीच्या लग्नाला नाही म्हणायला बसले, नियमाप्रमाणे आधी तिची बाजू मांडायला लागले आणि मधेच मुहूर्त विचारू लागले. लग्नात सगळ्यात जास्त तेच नाचले! आता सलून बंद, तर गल्लीत सगळे एकदम बोलतात. ऐकायला कुणीच नाही.

आपलं तरी काय वेगळं झालं? तू म्हणालीस, दुकान विक आणि माझ्याकडे ये. मी म्हणाले, मी मेल्यावर विक. तोंडाला फेस एकीच्याही नव्हता.

म्हणून आता तुझी बाजू मांडते. आई एकटी आहे. जिन्यात पडली, तेही मला शेजाऱ्यांकडून कळलं. अवेळी फोन वाजला की उचलायच्या आधीच मी चपला शोधते. बाबांच्या वेळी मला पोचता आलं नाही, आईच्या वेळी तसं नको. मला दुकान नकोय, आई हवीय.

बरोबर मांडली? मग बोट वर कर. पण ते मला इथून कसं दिसणार? म्हणून ये. खुर्ची पुसून ठेवलीय. या वेळी फेस लावून मी बसते. हनुवटीवर चार केस आहेत, साबण वाया जायचा नाही. तू माझी बाजू मांड. नीट मांडलीस, तर तू म्हणशील ते ऐकेन. नाही जमली, तर आणखी थोडे दिवस राहा आणि सराव कर.

तुझीच,
आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवायला तयार झालेली
आई