मानेवरचा अंगठा

भोईवाडा, बुधवार संध्याकाळ

खळगा परत आला. करी रोडच्या सावंतबाईंच्या गिटारला, मानेच्या मागे, वाजवताना डावा अंगठा टेकतो बरोब्बर तिथे. परवाच तो भरला, घासला, वर पॉलिश मारलं. मी भरलेलं लाकूड असं खाली बसत नाही. कधीच नाही.

बाकी गिटार फर्स्ट क्लास. जुनी महॉगनी, आवाज अजून भरदार. बाईंच्या वडिलांची, आता विकायची आहे, म्हणून आज किंमत विचारायला आल्या. मी जरा चिडूनच म्हटलं, "तुमचे वडील अंगठा फार दाबून धरायचे वाटतं."

बाई हसल्या. "पप्पा? अहो, त्यांचा डावा अंगठा मिलमध्ये मशीनमध्ये गेला. त्यानंतरच हट्टाने ही नवीकोरी गिटार घेतली. चार बोटांनी वाजवायचे."

"मग घरात दुसरं कोण वाजवायचं?"

"छे! कोणाला हात लावू देतील तर ना."

मग गिटार मांडीवर घेऊन त्यांनी पप्पांची पकड दाखवली. चार बोटं तारांवर, अंगठा तळव्यात मुडपलेला. मागचा खळगा उघडाच.

त्या गेल्यावर स्वतःला सांगून पाहिलं, लाकडात ओल असेल, घासताना माझाच हात जड पडला असेल. पटेना. आता पुन्हा भरू का? आणि किंमत कसली सांगू?

शेवटी खळगा केवढा आहे ते बघायला माझा अंगठा टेकवणार होतो. अगदी जवळ नेला.

नाही टेकवला. जागा रिकामी वाटली नाही.