द्वारका कांदा-लसूण चटणी

५ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. धैर्यशील सर म्हणाले, साहित्यिक माणसानं रोज चार ओळी लिहाव्यात. मी आता साहित्यिक माणूस आहे. कै. नरहर आजरेकर म्हणून मोठे कादंबरीकार होऊन गेले, त्यांच्या जन्माचं यंदा सव्वाशेवं वर्ष. त्यांचं नाव लावलेलं एक रसिक मंडळ आहे, सर त्याचे अध्यक्ष. वाचनालयाचा हॉल डागडुजीला काढलाय, म्हणून मंडळ आता आमच्या शाहूपुरीतल्या चटणीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जमतं. हॉल माझा, चहा माझा, भडंग माझं. मग सभासद पण मीच झाले. चौथी पास हे कुणाला सांगितलेलं नाही. भडंग खाताना कोण विचारतंय?

कार्यक्रम असा. फोटोला हार, समईला तेल, मग "सातघरची सून" या आजरेकरांच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण क्रांती मॅडम मोठ्यानं वाचतात. द्वारका नावाची सून पहाटे आडावर जाते, घागर भरून येते, तर सासूनं दार आतून लावलेलं. ती निथळत्या लुगड्यानं उंबऱ्यावर बसते. प्रकरण संपलं. सगळ्यांनी डोळे पुसले.

मी नाही पुसले. मी असते तर घागर दारावरच आपटली असती. पण जिना उतरताना विचार केला, तसं केलं की घर मोडतं. गप बसली म्हणून घर टिकलं. द्वारका शहाणी आहे. अगदी माझ्यासारखी.

मंडळानं पुस्तक फुकट दिलं. महिन्यात वाचून काढायचं. आणि रोजनिशी शुद्ध लिहायची. आहे, नाही, होय.

९ जानेवारी

पान ५. अक्षर मुंगीएवढं. छापणाऱ्याला शाईची काटकसर होती का काय. तेवढ्यात मिरचीचा टेम्पो आला. उद्यापासून रोज दोन पानं, काही झालं तरी.

१४ जानेवारी, संक्रांत

पान ५.

गारगोटीहून धाकट्या जावेचा फोन. वर्षाराणी. बी.ए. बी.एड., हायस्कूलला मराठी शिकवते. म्हणाली, आक्का, तुम्ही साहित्य मंडळात? वा! तिथं तुमच्याकडं काय असतं? म्हटलं, साहित्यच असतं. म्हणाली, न्हाय, मला वाटलं भडंग असंल. आणि हसली. मास्तरणीचं हसणं, फळ्यावर खडू घासल्यासारखं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, लग्न झाल्यापासून माझ्याकडं. त्यांचं पथ्य मी बघायचं, त्यांचे गुडघे मी चोळायचे, त्यांची आमटी बिनतिखटाची वेगळी मी करायची. वर्षाराणी सणाला एक साडी घेऊन येणार आणि आत्याबाई ती साडी गल्लीभर दाखवत फिरणार. हे बघ, माझ्या सुनेनं आणलंय. मग मी कोण? भाडेकरू?

मला काही नको. फक्त एकदा, ह्या दोघींच्या समोर, माईकवरून कुणीतरी सांगावं की घर कुणी टिकवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बैठक. परत पहिलंच प्रकरण. परत आड, परत घागर, परत दार बंद.

चिटणीस अण्णासो यांना बाजूला घेऊन विचारलं, पुढचं कधी? ते म्हणाले, शालूबाई, दर वेळी नवीन पावणं येत्यात. त्यांस्नी मधनंच काय कळायचं? म्हणून पहिल्यापासनं. मंडळ निघाल्यापासनं हीच प्रथा हाय.

आजचं नवीन पावणं म्हणजे अण्णासोंचे मेहुणे. द्वारका आडावर पोचायच्या आत झोपले. भडंगाला उठले.

महत्त्वाचं: २३ मार्चला सांगता समारंभ, मोठा हॉल, स्टेज. "द्वारका आणि आजची स्त्री" यावर एका बाईनं बोलायचं. क्रांती मॅडमनी लगेच पदर सावरला. मी सहज म्हटलं, मार्चपासनं हॉलला रंग द्यायचा विचार चाललाय, बैठका दुसरीकडं बघाव्या लागतील. सरांनी समईत तेल घातलं आणि म्हणाले, शालूबाईंनीच बोलावं, त्यांच्याकडे अनुभव आहे.

याला म्हणतात पारख. रंगाचं पुढच्या वर्षी बघू.

१० फेब्रुवारी

पान ९. आत्याबाई खाटेवरनं म्हणाल्या, मोठ्यानं वाच की, मला बी ऐकू दे. म्हटलं, मला वेळ कुठाय? पुस्तक मिटलं. पापड लाटायचं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली बरोबर बसलं. तात्पुरतं.

१२ फेब्रुवारी

वेळ वाचवायचा ठरवलं. एवढे जाणकार असताना आपण कशाला डोळे फोडायचे? तिघांना फोन केले.

अण्णासो म्हणाले, पुढं काय, द्वारका सोसती, सोसती आणि सोसती. शेवटी सगळ्यांस्नी पटतं.

क्रांती मॅडम म्हणाल्या, मला शेवट सहन होणार न्हाय हो, म्हणून मी वाचलाच न्हाय.

सर म्हणाले, श्रेष्ठ कादंबरीचा शेवट ज्याचा त्याचा असतो.

म्हणजे माझा मी ठरवला तरी चालतो. झालं. पुस्तक वाचून संपलं.

२ मार्च, रविवार

पहिलं प्रकरण. आता पाठ आहे. क्रांती मॅडम "ओल्या लुगड्यानं" वाचून गेल्या, मी भडंगात लिंबू पिळता पिळता ओरडले, निथळत्या! सर उभे राहून म्हणाले, बघा, याला म्हणतात व्यासंग. टाळ्या. क्रांती मॅडमनी भडंग घेतलं नाही. त्यांचं त्यांना.

१५ मार्च

भाषण तयार. जेवताना मालकांना बसवून ऐकवलं. मी द्वारका कशी, आत्याबाईंनी मला दार कसं लावलं, मी उंबऱ्यावर कशी बसले. मालक म्हणाले, आईनं दार कधी लावलं गं? तवा आपल्या घराला दारच नव्हतं, पोतं होतं.

ह्या माणसाला साहित्यातलं काडीचं कळत नाही. मुद्दा दाराचा न्हाय, दुःखाचा हाय. (शुद्ध: आहे.)

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस सोन्याचा.

स्टेजवर खुर्ची, दुसऱ्या रांगेत, पण स्टेजवरच. खाली पहिल्या रांगेत आत्याबाई, शेजारी वर्षाराणी, मुद्दाम बोलावलेली. बोलताना अजिबात अडखळले न्हाय. म्हटलं, लोकहो, द्वारका पुस्तकात शोधू नका, ती तुमच्यासमोर उभी हाय. मीच द्वारका. द्वारकेनं जे सासूसाठी केलं, तेच मी केलं. द्वारकेच्या हातचं जे तिच्या सासूनं खाल्लं, तेच माझी सासू रोज खाती. आणि शेवटी द्वारकेला जे मिळालं, ते मला बी मिळू दे, एवढंच देवाजवळ मागणं.

टाळ्या थांबेनात. सर डोळे पुसत होते. अण्णासो म्हणाले, कादंबरीचं सार सांगितलंसा बघा. क्रांती मॅडमनी पण हात मिळवला, ढिला का होईना. मंडळाकडून लाकडी फ्रेम मिळाली, "कोल्हापूरची द्वारका".

खाली आले तर वर्षाराणी माझ्याकडं बघतच राहिलेली. डोळे असे मोठे. म्हणाली, आक्का, एवढं खरं चारचौघांत बोलायला धाडस लागतं. मला न्हाय जमलं असतं.

आयुष्यात पहिल्यांदा बाई माझं कौतुक करून गेली. बी.ए. बी.एड. असून!

२५ मार्च

झोपेत सुचलं. "शालू चटणी" हे नाव आता शोभत नाही. पाडव्यापासून "द्वारका कांदा-लसूण चटणी". स्टिकर छापायला टाकले. घागर घेतलेली बाई, आणि खाली ओळ: "द्वारकेच्या हातची चव, जी सासू विसरणार नाही!" ओळ माझी स्वतःची.

सरांना फोनवर ऐकवली. म्हणाले, आजरेकर असते तर गहिवरले असते.

३० मार्च, गुढीपाडवा

मुहूर्तावर नवीन पाकिटं दुकानात मांडली. मंडळातल्या सगळ्यांनी घेतली. अण्णासोंनी चार घेतली. पाकिटाबरोबर काढलेला फोटो कुठल्यातरी लोकल पेपरला पण दिला.

वर्षाराणी साडी घेऊन आली. (आत्याबाई दारातूनच, हे बघ, माझ्या सुनेनं आणलंय.) पाकीट हातात घेतलं, स्टिकर वाचला, खाली ठेवलं. परत उचलून वाचला. मग ठसका लागला. पाणी दिलं. म्हटलं, वासानंच लागतो, मिरची अस्सल हाय. विचारती, आक्का, पुस्तक पुरं वाचलंय न्हवं? म्हटलं, पाठ हाय. आणि "निथळत्या लुगड्यानं" पासून म्हणून दाखवलं. 

जिरली.

मग म्हणाली, मला दोन दिवस सुट्टी हाय, राहते. पुस्तक कुठाय? टेबलाखालून काढून दिलं. टेबल परत डुगडुगायला लागलं.

३१ मार्च

चमत्कार. वर्षाराणी सकाळपासून आत्याबाईंच्या खाटेवर बसून वाचून दाखवतीय. शेवटी माझं भाषण लागू पडलं. सासूची सेवा करावी असं वाटलं बाईला. म्हटलं कर की, आमची कुठं ना हाय.

दुपारी आतनं आत्याबाईंचं हसणं. दात नाहीत, त्यामुळं नुसती हवा. मग वर्षाराणीचं. मग दोघींचं. मी डोकावले तर गप. म्हणाल्या, काय न्हाय, द्वारका लई भारी हाय.

तेच तर मी सगळ्यांना सांगत होते.

१ एप्रिल

वर्षाराणी सकाळच्या एस.टी.नं गेली. जाताना चटणीची पाकिटं घेऊन गेली, स्टाफरूमला वाटायला. म्हणाली, सगळ्यांस्नी सांगणार हाय, आमच्या घरचीच द्वारका म्हणून.

खाटेवर पुस्तक उघडं पडलेलं, पालथं. शेवटच्या प्रकरणापाशी. टेबलाखाली घालायला उचललं. म्हटलं, आपला शेवट आजरेकरांच्या शेवटाशी कितपत जुळतोय, सहज बघू.

अक्षर मुंगीएवढंच. पण ह्या वेळी भरभर वाचलं.

मग मागची पानं. मग त्याच्या मागची.

द्वारका सोसत न्हाय. दुसऱ्या प्रकरणातच ती खिडकीतनं आत येती आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावती. मग दिराला घराबाहेर काढती. मग जमीन नावावर करून घेती. मग नवऱ्याला वेडा ठरवती. आणि शेवटच्या प्रकरणात सासूच्या आमटीत धोत्र्याच्या बिया वाटून घालती. वर लिहिलंय, कडू लागू नये म्हणून तिने चटणी जरा सढळ हाताने घातली.

सासूला ती चव विसरायला वेळच मिळत न्हाय.

आणि शेवटी द्वारकेला काय मिळतं? तुरुंग. ते मी देवाजवळ मागून आलेय. माईकवरून.

सरांना फोन केला. विचारलं, सर, शेवट? म्हणाले, शेवट ज्याचा त्याचा. म्हटलं, न्हाय सर, छापलेला.  मग म्हणाले, रेंज जरा कमी आहे. त्यांच्या घरी रेंज कधीच कमी नसती.

अण्णासोंना केला. म्हणाले, असं हाय व्हय? मग आता चार पाकिटं फोडलीत त्यांचं काय करू? म्हटलं, खावा! म्हणाले, आमची सून म्हातारीला वाढायला तयार न्हाय.

म्हणजे त्यांच्या सुनेनं वाचलं होतं. मंडळात न येणाऱ्या सगळ्या बायकांनी वाचलेलं दिसतंय.

उरलेल्या पाकिटांवरचे स्टिकर काढून टाकायचं ठरवलं. पाण्यात भिजवून बघितले, रॉकेल लावून बघितलं. निघत न्हाईत. मीच छापणाऱ्याला सांगितलं होतं, चांगला गोंद वापर म्हणून.

२ एप्रिल

ठराव: मंडळ बंद. हॉलला रंग. रोजनिशी पण आजचीच शेवटची, लिहून कुणाचं भलं झालंय? कोल्हापूरची द्वारका भिंतीकडं तोंड करून ठेवली.

सकाळी गप स्वयंपाकाला लागले. आत्याबाईंची बिनतिखटाची आमटी नेहमीसारखी वेगळी केली. ताट वाढून खाटेपाशी नेलं. मनात म्हटलं, माईक गेला खड्ड्यात, हिला तरी कळतंय न्हवं रोज कोण करून घालतंय.

आत्याबाईंनी आमटीच्या वाटीत वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग वाटी दोन बोटांनी माझ्या बाजूला सरकवली.

म्हणाल्या, आधी तू खा.

मालक तिकडं भाकरीत तोंड घालून हसायला लागले. आत्याबाईंचं तोंड सरळ, पण खाट हलत होती.

खाल्ली. करते काय?

मीठ कमी होतं.